नावांची उतरंड

2013 च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानसंहितेची, म्हणजे डीएसएमची, पाचवी आवृत्ती काढली आणि तिच्यातून ‘ॲस्पर्गर’ हे निदान वगळले. आपल्या कागदांवरचा विकार पुस्तकातूनच नाहीसा झाला तर माणसाला हायसे वाटावे, अशी आपली साधी समजूत असते. इथे उलटे घडले. आवृत्ती निघण्याच्या आधीपासूनच ॲस्पर्गर असलेल्या कितीतरी जणांनी निषेध सुरू केला होता. आमची ओळख काढून घेऊ नका, असे त्यांचे म्हणणे. काही जण त्याहून स्पष्ट बोलत होते : आता आम्हाला त्यांच्यात मोजणार का? ‘त्यांच्यात’ म्हणजे कोणात, हे विचारायची कुणाला गरज पडली नाही. न बोलणारी, हात फडफडवणारी, जन्मभर कुणाच्या तरी देखरेखीखाली राहणारी माणसे. कागदोपत्री ती ‘ऑटिस्टिक’ होती आणि हे ‘ॲस्पर्गर’वाले. मध्ये एका शब्दाची भिंत होती, आणि ती पाडायला निघालेल्या डॉक्टरांवर भिंतीच्या अलीकडचे लोक चिडले होते.

ऑटिझमवर मराठीत आता बऱ्यापैकी लिहिले जाते. लक्षणे कोणती, थेरपी कोणती, शाळा कोणती, आईने खचून न जाता काय करावे, वगैरे. ते लेखन उपयोगाचे आहे; पण त्यातला ऑटिस्टिक माणूस नेहमी लहान असतो आणि नेहमी एकटा असतो. तो मोठा होतो, त्याला त्याच्यासारखे दुसरे भेटतात, त्यांचा एक समाज बनतो, आणि त्या समाजातही वरचे-खालचे, आतले-बाहेरचे, खरे-खोटे असे भेद पडतात, याकडे आपले लक्ष गेलेले नाही. या संग्रहाची पुढची पाने त्या भेदांविषयी आहेत. ऑटिस्टिक लोकांच्या आपसातल्या भांडणांवर लिहिणे म्हणजे त्यांची धुणी चव्हाट्यावर धुणे, असा आक्षेप घेतला जाईल. मला तो पटत नाही. या घरातली भांडी कुणी आणि कशी रचली हे पाहू लागले की बाहेरच्यांचेच हात आधी दिसतात.

लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये पाहिलेल्या 11 मुलांवर एक दीर्घ लेख लिहिला. आठ मुलगे, तीन मुली. पुढच्या तीन-चार दशकांत ‘कॅनरचा ऑटिझम’ म्हणजे मुके, कुणाकडे न पाहणारे, कोपऱ्यात बसून डुलणारे मूल, अशी प्रतिमा पक्की झाली. मूळ लेखातल्या अकरांपैकी आठ मुलांना मात्र बोलता येत होते. ते बोलणे चमत्कारिक होते, ऐकलेले वाक्य जसेच्या तसे परत म्हणणारे होते, पण वाचा होती. लेखातला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट, मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावचा. तीन वर्षांचा असताना त्याला एका संस्थेत ठेवले होते. वर्षभराने आईवडिलांनी परत आणले. पुढे तो कॉलेजात शिकला, घरच्याच बँकेत नोकरीला लागला, गाडी चालवू लागला, गोल्फ खेळला, एकट्याने देशोदेशी हिंडला आणि 2023 मध्ये 89 व्या वर्षी वारला. म्हणजे ‘खालच्या’ पायरीचा मूळपुरुषच त्या पायरीवर बसत नाही. गावाने त्याला सांभाळून घेतले आणि घरची बँक होती, या दोन्ही गोष्टींना निदानाच्या कागदावर रकाना नव्हता.

कॅनर यांच्या लेखाच्या पुढच्याच वर्षी, 1944 मध्ये, व्हिएन्नाच्या हान्स ॲस्पर्गर यांनी चार मुलग्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. (मॉस्कोच्या ग्रुन्या सुखारेवा यांनी जवळपास अशाच सहा मुलग्यांवर 1925-26 मध्येच लिहिले होते. त्यांचे नाव कुठल्या निदानाला चिकटले नाही. पुढचे पाहता ते बरेच झाले म्हणायचे.) ॲस्पर्गर यांच्या लेखात उतरंड अगदी उघडपणे मांडलेली आहे. वरच्या टोकाला स्वतंत्र प्रतिभेची मुले, मध्ये विक्षिप्त पण निरुपद्रवी, आणि खालच्या टोकाला यंत्रासारखी वागणारी, बुद्धीने मागासलेली. वरच्यांबद्दल ते जिव्हाळ्याने लिहितात, समाजाला त्यांचा उपयोग होईल असे आवर्जून सांगतात. खालच्यांबद्दल फारसे काही सांगत नाहीत.

नाझी अमलाखालच्या त्या शहरात, त्या वर्षांत, या भेदाचा अर्थ काय होता हे 2018 मध्ये हेरविग चेख या इतिहासकाराच्या शोधनिबंधाने आणि एडिथ शेफर यांच्या पुस्तकाने लोकांसमोर आले. व्हिएन्नातल्या आम श्पीगेलग्रुंड या संस्थेत 1940 ते 1945 या काळात 789 मुले मेली. त्यांतल्या कित्येकांना औषधे देऊन, उपाशी ठेवून मारले गेले. 1941 मध्ये ॲस्पर्गर यांच्या सहीने तीन वर्षांचीही न झालेली एक मुलगी तिथे पाठवली गेली आणि काही आठवड्यांत मेली. 1942 मध्ये दुसऱ्या एका संस्थेतल्या सुमारे दोनशे मुलांची छाननी करणाऱ्या समितीत ते होते. त्यांतली 35 मुले ‘शिकण्यास अपात्र’ ठरली, श्पीगेलग्रुंडला गेली आणि परत आली नाहीत. ॲस्पर्गर यांना नेमके किती ठाऊक होते यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. सही कुणाची होती यावर नाही.

पन्नास वर्षांनी हजारो लोकांनी जे नाव अभिमानाने स्वतःला लावून घेतले, त्याच्या पाठीमागे हे होते. लावून घेताना त्यांना ते माहीत नव्हते, आणि त्यासाठी त्यांना जाब विचारण्यात अर्थ नाही. पण ‘वरच्या’ मुलांचे कौतुक आणि ‘खालच्या’ मुलांचे मरण एकाच लेखणीतून उतरू शकते, एवढे तरी त्या इतिहासातून घ्यावे लागते.

हे नाव इंग्रजी जगात आणले लोर्ना विंग यांनी. लंडनच्या या मानसोपचारतज्ज्ञ स्वतः एका ऑटिस्टिक मुलीच्या आई होत्या; ब्रिटनमधली पालकांची पहिली राष्ट्रीय संघटना 1962 मध्ये उभी करणाऱ्यांत त्या होत्या. ज्युडिथ गूल्ड यांच्याबरोबर लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या मुलांची पाहणी करताना त्यांना दिसले, की ऑटिझमच्या कडा काही ठरीव नाहीत. एका मुलात एक लक्षण ठळक, दुसऱ्यात दुसरे. आज ज्याला आपण ‘स्पेक्ट्रम’ म्हणतो ती कल्पना तिथून आली. पण मोठ्या वयाच्या, बोलणाऱ्या, एकेका विषयाच्या मागे लागलेल्या माणसांना ‘ऑटिझम’ म्हटले की डॉक्टर आणि आईवडील दोघेही झिडकारत. म्हणून 1981 च्या आपल्या लेखात विंग यांनी ॲस्पर्गर यांचे नाव पुढे केले. हेतू हा की या माणसांनाही त्याच विस्तारात जागा मिळावी. रेषा पुसण्यासाठी वापरलेल्या नावाने नवी रेषा आखली जावी, हा या सगळ्या कथेतला मला सर्वांत चटका लावणारा भाग वाटतो.

1994 मध्ये डीएसएमच्या चौथ्या आवृत्तीने त्या रेषेला नियम दिला. मूल दुसऱ्या वर्षापर्यंत सुटे शब्द आणि तिसऱ्यापर्यंत जोडशब्द बोलू लागले असेल तर ॲस्पर्गर, नाहीतर ऑटिझम. चाळिशीतला माणूस निदानाला आला की त्याच्या भवितव्याची पाटी सत्तरीतल्या आईच्या आठवणीवर लिहिली जाई : ‘हा बोलायला कधी लागला हो?’ 2012 मध्ये कॅथरिन लॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या आणि कॅनडातल्या 12 विद्यापीठ केंद्रांतल्या दोन हजारांहून अधिक मुलांची निदाने ताडून पाहिली. चाचण्या सगळीकडे सारख्या, डॉक्टर सगळे प्रशिक्षित. तरी कुठल्या मुलाला कोणते नाव मिळेल हे मुलाच्या लक्षणांपेक्षा ते कोणत्या केंद्रात गेले यावरून जास्त खात्रीने सांगता येत होते. भिंत पाडण्यामागे हे मोठे कारण होते.

पण मधल्या वीस वर्षांत त्या नावाखाली एक जग वसले होते. 1999 मध्ये लियान हॉलिडे विली या लेखिकेने आपल्या पुस्तकात ‘ॲस्पी’ हे लाडके रूप वापरले आणि ते सर्वतोमुखी झाले. त्याच वर्षी टोनी ॲटवुड आणि कॅरल ग्रे यांनी ॲस्पर्गरची लक्षणे उणिवा म्हणून न मांडता गुण म्हणून मांडून दाखवली : निष्ठा, सचोटी, बारकाव्याची नजर. 2001 मध्ये स्टीव्ह सिल्बरमन यांच्या एका गाजलेल्या लेखामुळे सिलिकॉन व्हॅलीतल्या हुशार, तुटक इंजिनियराशी ऑटिझमचे नाते लोकांच्या मनात जुळले. आइन्स्टाइन, न्यूटन यांचीही निदाने करून झाली. मेलेल्यांना तपासायला परवाना लागत नाही. जन्मभर ‘विचित्र’ म्हणून हिणवल्या गेलेल्या माणसाला पहिल्यांदाच ताठ मानेने सांगता येईल असे काहीतरी मिळाले. हे सुख खरे होते आणि त्याची कुचेष्टा करणाऱ्यांनी शाळेच्या मधल्या सुट्टीत एकट्याने डबा खाऊन पाहावा.

मात्र ते सुख ज्या वाक्यातून येई त्याचा दुसरा अर्धा भाग असा असे : ‘मी ॲस्पी आहे, ऑटिस्टिक नाही.’ काही जण त्याही पुढे जाऊन आपण माणसाच्या उत्क्रांतीतली पुढची पायरी असल्याचे सांगू लागले. या वृत्तीला ‘ॲस्पी वर्चस्ववाद’ हे नाव बाहेरच्यांनी दिले नाही, ऑटिस्टिक लोकांनीच दिले.

मराठी वाचकाला इथे बाबासाहेब आंबेडकरांची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. जात आणि निदान या एक गोष्टी नव्हेत आणि मी त्या एका तागडीत टाकत नाही. पण श्रेणीबद्ध विषमता टिकते कशी, याचे त्यांनी केलेले विश्लेषण इथे उपयोगी पडते. सगळ्यांत खालचा सोडला तर प्रत्येकाच्या खाली कुणीतरी असतो. त्यामुळे वरच्याविरुद्ध एकजूट होण्यापेक्षा खालच्यापासून वेगळे राहण्यात प्रत्येकाला हित दिसते. ॲस्पर्गरवाल्यांना शाळेने, कचेरीने, नातेवाइकांनी नाकारलेले होते. नाकारणाऱ्यांशी भांडण्यापेक्षा ‘आम्ही तसे नाही’ म्हणणे सोपे होते. आणि ‘तसे’ असण्याची शिक्षा काय असते हे त्यांना चांगले ठाऊक होते : विसाव्या शतकात बराच काळ ती शिक्षा म्हणजे जन्मभर संस्थेच्या भिंतीआड राहणे ही होती. पळून जाण्यासाठी हाताला लागेल ती शिडी माणूस धरतो.

तिरस्कारापेक्षा भीतीतून ही उतरंड जास्त वाढली, असे माझे मत आहे. बोलता येणे, बुद्ध्यंक, आणि चारचौघांत ऑटिझम लपवता येणे, या क्रमाने ती रचली गेली. तिन्ही मापे एकाच गोष्टीची आहेत : ऑटिस्टिक नसलेल्या माणसाच्या तुम्ही किती जवळ आहात. ‘आम्ही कमी नाही, वेगळे आहोत’ म्हणणारी चळवळ स्वतःच्या घरात हेच माप वापरते, हे तिच्यातल्या शहाण्या माणसांना फार लवकर कळले होते.

जिम सिंक्लेअर हे त्यांतले एक नाव. 1992 मध्ये ऑटिस्टिक लोकांनीच चालवलेली पहिली महत्त्वाची संघटना उभी करणाऱ्यांत ते होते आणि 1993 मध्ये टोरांटोच्या परिषदेत त्यांनी पालकांना उद्देशून केलेले भाषण या चळवळीचे बीज मानले जाते. आमच्यासाठी शोक करू नका, हा त्याचा गाभा. ऐकणाऱ्या पालकांपैकी अनेकांची प्रतिक्रिया पुढे तीस वर्षे ठरून गेलेली : ‘तुम्ही बोलताय, भाषण करताय. माझ्या मुलाचे तसे नाही.’ या वाक्यात दुःख आहे आणि तथ्यही आहे. पण त्यात एक सापळाही आहे, आणि तो मेल बॅग्ज यांच्या वाट्याला पुरता आला. 2007 मध्ये बॅग्ज यांची एक छोटी चित्रफीत जगभर पाहिली गेली. पहिल्या भागात त्या शब्दांविना गुणगुणतात, हात हलवतात, वाहत्या पाण्याशी खेळतात. दुसऱ्या भागात संगणकाचा आवाज त्यांनी टंकलेल्या शब्दांत सांगतो, की हीच माझी भाषा आहे, आणि तुमची भाषा मी शिकले तेव्हाच तुम्ही मला माणूस म्हणून मोजलेत. चित्रफीत गाजली तशी शंकाही आल्या. शाळेत असताना बॅग्ज बोलत होत्या, मग आता हे ढोंग कशावरून नाही? न बोलणारा माणूस लिहू शकला तर तो पुरेसा ऑटिस्टिक नाही आणि लिहू शकला नाही तर त्याचे मत कळायला मार्ग नाही. दोन्ही बाजूंनी सर्वांत खालच्या पायरीचा माणूस बैठकीतून बाद. बॅग्ज 2020 मध्ये गेल्या.

इतर भेदांवर थोडक्यात. लहानपणी निदान झालेले विरुद्ध पस्तिशीत झालेले. डॉक्टरांनी केलेले विरुद्ध स्वतःच केलेले. स्वतःचे निदान स्वतः करणाऱ्यांची थट्टा करणे सोपे आहे. पण मुलग्यांवर बेतलेल्या कसोट्यांतून बायका वर्षानुवर्षे सुटत आल्या आणि मोठेपणीची तपासणी बहुतेक देशांत महाग किंवा दुर्मीळ आहे, हे लक्षात घेतले तर थट्टेचा सूर उतरतो. ऑटिझम लपवून वावरण्याची जी कसरत असते तिचेही तसेच. बाहेरून ते वरच्या पायरीचे कौशल्य दिसते. आतून ते माणसाला पोखरते, हे आता पुष्कळ अभ्यासांनी दाखवले आहे.

2013 नंतर काय झाले? भिंत पडली, विटा राहिल्या. नव्या संहितेने सगळ्यांना ‘ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर’ या एका छपराखाली आणले आणि गरजेप्रमाणे तीन स्तर ठरवले : आधार लागतो, बराच लागतो, फारच लागतो. स्तर आधाराचा होता, माणसाचा नव्हता. एकाच माणसाला संवादात एक आणि सवयींच्या आवर्तनांत दुसरा स्तर देता येई, आणि तो काळानुसार बदलूही शकेल असे गृहीत होते. वर्ष-दोन वर्षांत लोक ‘मी लेव्हल वन’, ‘आमचा लेव्हल थ्री’ असे रक्तगट सांगावा तसे सांगू लागले. ऑस्ट्रेलियाच्या अपंग विमा योजनेत लेव्हल दोन आणि तीन असलेल्यांना प्रवेश सोपा झाला. साहजिकच तिथे लेव्हलच्या आकड्याला रुपया-पैशाचे मोल आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतून ॲस्पर्गर 2022 मध्ये गेले. तिथे स्तर नाहीत. बुद्धी आणि भाषा यांच्या जोड्या लावून पोटप्रकार केलेले आहेत. दर वेळी तेच दोन खांब.

मग उतरंडीच्या दुसऱ्या टोकाकडून मागणी आली. डिसेंबर 2021 मध्ये ‘लॅन्सेट’ने नेमलेल्या आयोगाने ‘प्रोफाउंड ऑटिझम’ असा वेगळा शब्द सुचवला : वय आठच्या पुढे, चोवीस तास जवळ मोठे माणूस लागते, आणि एकतर बुद्ध्यंक 50 च्या खाली किंवा भाषा जवळजवळ नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीत ऑटिस्टिक ठरलेल्या आठ वर्षांच्या मुलांपैकी 26.7 टक्के मुले या व्याख्येत बसली. पालकांच्या संघटनांनी शब्दाचे स्वागत केले. ऑटिस्टिक लोकांच्या संघटनांनी विरोध केला, की पुन्हा भिंत बांधता आहात, आणि या वेळी पलीकडच्यांना न विचारता.

मी या वादात पूर्णपणे एका बाजूला उभा राहू शकत नाही. स्वतःचे डोके भिंतीवर आपटून रक्त काढणारा सव्वीस वर्षांचा मुलगा ज्या बाईच्या घरात आहे, तिला ‘ऑटिझम म्हणजे वेगळेपण’ हे ऐकवणे क्रूर आहे. संशोधनातून अशी माणसे वगळली जातात, कारण ती प्रश्नावली भरू शकत नाहीत. वृत्तपत्रांतून वगळली जातात, कारण ती मुलाखत देऊ शकत नाहीत. त्यांना नाव हवे, हे मला मान्य आहे. पण बुद्ध्यंकाच्या रेषेने गरज मोजता येते हे मान्य नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात गेल एल्व्हारेस आणि सहकाऱ्यांनी दोन हजारांहून अधिक ऑटिस्टिक व्यक्तींची नोंद तपासून 2020 मध्ये दाखवले, की बुद्ध्यंक चांगला असलेल्यांचीही रोजचे व्यवहार निभावण्याची क्षमता त्या बुद्ध्यंकाच्या कितीतरी खाली असते. ‘हाय फंक्शनिंग’ म्हणून मदत नाकारलेला माणूस बिल भरायचे विसरून अंधारात बसलेला असू शकतो. उतरंड वरच्यालाही लुबाडते, फक्त वेगळ्या तऱ्हेने.

नोकरीच्या बाजारात तर ही निवड सरळच होते. एसएपी या जर्मन सॉफ्टवेअर कंपनीने 2013 मध्ये ऑटिस्टिक कर्मचाऱ्यांची भरती जाहीर केली तेव्हा त्याचा पहिला प्रयोग बंगळुरूच्या कार्यालयात होऊन गेला होता. चांगली गोष्ट. पण संगणकाच्या प्रणालीतल्या चुका शोधणारा ऑटिस्टिक तरुण हा एकच नमुना त्यानंतर बातम्यांत फिरत राहिला, आणि ज्या घरातल्या मुलाला चुका शोधण्यात काडीचा रस नाही त्या घरी पाहुणे विचारू लागले, ‘मग याच्यात काय टॅलेंट आहे?’

आपल्याकडे ॲस्पर्गर हा शब्द घरोघरी गेला तो 2010 च्या ‘माय नेम इज खान’मुळे; तीन वर्षांत तो मूळ संहितेतून गेलाच. मुंबई-पुण्यातल्या थेरपी सेंटरांच्या बाकांवर तो आजही कानी पडतो, पण तिथले चलन वेगळे आहे. ‘ऑटिझम नाही, ट्रेट्स आहेत.’ ‘माइल्ड आहे.’ ‘व्हर्बल आहे ना, मग काय.’ शेजारच्या बाकावरची आई हे ऐकत असते.

आपली खरी उतरंड मात्र सरकारी आहे आणि ती उलटी लावलेली आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे. तो मोजण्यासाठी राष्ट्रीय मतिमंद संस्थेने बनवलेली आयसा ही मोजपट्टी वापरतात : चाळीस प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण. 70 च्या खाली आलात तर ऑटिझम नाही. 70 ते 106 सौम्य, 107 ते 153 मध्यम, त्यापुढे तीव्र. या गुणांचे टक्के होतात आणि 40 टक्क्यांपासून कायद्याचे बहुतेक फायदे सुरू होतात. म्हणजे शाळेच्या प्रवेशाला मूल जितके कमी ऑटिस्टिक दिसेल तितके बरे आणि सिव्हिल हॉस्पिटलच्या बोर्डापुढे जितके जास्त दिसेल तितके बरे. एकच आई सोमवारी मुख्याध्यापिकांना सांगते, ‘मॅडम, तो अगदी माइल्ड आहे, शॅडो टीचरचा खर्च आम्ही करू’, आणि गुरुवारी डॉक्टरांना सांगते, ‘साहेब, याला काहीच जमत नाही.’ ती दोन्ही ठिकाणी खरे बोलत असते. मुलगा दोन्ही वेळा शेजारी उभा असतो आणि आपल्याविषयी काय बोलले जाते ते त्याला कळते, हे फार कमी जणांच्या ध्यानात येते. जो बोलतो, नोकरी करतो आणि संध्याकाळी घरी येऊन अंधार करून पडून राहतो, तो या पट्टीवर 70 च्या खालीही येऊ शकतो. मग कागदापुरता तो ऑटिस्टिकच नाही. सरकारी नोकऱ्यांत ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांना मिळून एक टक्का आरक्षण आहे. त्यात परीक्षागृहापर्यंत पोचणार कोण, हे सांगायला आकडेवारी लागत नाही. न्यू जर्सीतल्या मराठी घरात लेव्हल, ठाण्यातल्या घरात टक्के. सुट्टीत दोन्ही जावा भेटल्या की तुलना होतेच.

संग्रहातल्या मजकुराविषयी थोडे सांगून थांबतो. लेखकाने स्वतःला ‘ॲस्पी’ म्हटले असेल तिथे ते तसेच ठेवले आहे, दुसऱ्याने दुसऱ्याला म्हटले असेल तिथे ‘ऑटिस्टिक’ केले आहे. ‘ऑटिस्टिक व्यक्ती’ आणि ‘ऑटिझम असलेली व्यक्ती’ यांपैकी ज्याने जे वापरले ते राहू दिले. ‘हाय’ आणि ‘लो फंक्शनिंग’ हे शब्द केवळ जुन्या अहवालांच्या संदर्भात दिसतील. पालकांच्या लेखांत मुलांची नावे नाहीत, टक्केही नाहीत. दोन पालकांनी टक्के छापावेत असा आग्रह धरला होता, त्यांच्याशी माझे मतभेद कायम आहेत.

न बोलणाऱ्या लेखकांचा मजकूर या संग्रहात थोडाच आहे. टिटो मुखोपाध्याय या भारतात वाढलेल्या न बोलणाऱ्या मुलाचे पुस्तक ब्रिटनच्या ऑटिझम संघटनेने 2000 मध्ये छापले तेव्हा जगाला आश्चर्य वाटले होते. पण दुसऱ्याने धरलेल्या अक्षरफळ्यावर बोट ठेवून लिहिलेले शब्द नेमके कुणाचे, हा प्रश्न मिटलेला नाही, आणि अमेरिकेतल्या वाचा-भाषातज्ज्ञांच्या संघटनेने 2018 मध्ये अशा पद्धती वापरू नयेत असे स्पष्ट सांगितले. त्यामुळे फळ्यावरून आलेल्या प्रत्येक लेखाच्या आधी मदतनीस कोण होता, फळा कुणाच्या हातात होता, हाताला किंवा खांद्याला स्पर्श होता का, आणि मदतनिसाविना एखादी ओळ लिहिली गेली का, हे नोंदवले आहे. नोंदी लांब आहेत आणि रुक्ष आहेत. त्या लेखाआधी वाचाव्यात, नंतर नव्हे.